असेंबल्ड पीसीतलं वायफाय कार्ड बदलताना: स्लॉट ओळखण्यापासून ब्लूटूथ जोडेपर्यंत

हेडफोन तुटक वाजतो, गेमचा कंट्रोलर जोडला जातो आणि थोड्या वेळात आपोआप सुटतो, हौसेने उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकावं तर वायफायचं चिन्हच दिसत नाही. घरी जुळवलेल्या पीसीच्या या तक्रारी नेहमीच्या आहेत. अशा वेळी आधी राउटर बदलला जातो, मग हेडफोन. मदरबोर्डवर मागच्या पोर्टांजवळ बसलेल्या वायरलेस कार्डाकडे लक्ष जातं ते सगळ्यात शेवटी. खरं तर वायफाय आणि ब्लूटूथ ही दोन्ही कामं तेच एक कार्ड करतं, आणि बहुतेक मदरबोर्डवर ते बदलता येतं.

आयुष्यात कधी केस उघडली नसेल तरी हे काम घरच्या घरी होतं. स्क्रू काढून कार्ड बसवण्यात फारसा वेळ जात नाही. फसगत होते ती खरेदीत. दिसायला सारखी, मापाला सारखी, त्याच स्लॉटमध्ये बसणारी दोन कार्डं असतात आणि त्यातलं एक तुमच्या मदरबोर्डवर कधीच चालू होणार नसतं. म्हणून या लेखात खरेदीआधीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

दोष कार्डाचाच आहे ना?

पैसे घालवण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली, मागचे दोन अँटेना लावलेले आहेत का. इंटरनेट लॅनच्या वायरने येत असलं की अनेक जण मदरबोर्डच्या खोक्यातले अँटेना बाहेरच काढत नाहीत. वायफाय वापरायचंच नाही, मग अँटेना कशाला, असा हिशेब असतो. पण ब्लूटूथचा सिग्नल त्याच अँटेनांमधून जातो. अँटेनाशिवाय ब्लूटूथ सुरू दिसतं, हेडफोन जोडलाही जातो, पण खुर्ची थोडी मागे सरकवली की आवाज तुटायला लागतो. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असं मी खुशाल म्हणेन.

दुसरी, अँटेनाच्या शेजारी काय खोचलं आहे. ब्लूटूथ पूर्णपणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि यूएसबी ३.० ची उपकरणं त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. मागच्या पोर्टला बाहेरची हार्डडिस्क लावल्यावरच माउस अडखळत असेल तर डिस्क दुसऱ्या पोर्टला लावून बघा, किंवा अँटेना वायरीच्या बैठकीवर घेऊन टेबलावर ठेवा.

तिसरी, आवाज नेमका कधी बिघडतो. गाणं छान वाजतं, पण मीटिंगमध्ये माइक सुरू झाला की सगळं जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं, असं असेल तर कार्ड निर्दोष आहे. माइक सुरू होताच हेडफोन संगीताच्या प्रोफाइलवरून फोनकॉलच्या प्रोफाइलवर जातो आणि त्याची गुणवत्ता मुळातच कमी असते. कार्ड बदलून हे सहसा सुधारत नाही. वेगळा यूएसबी माइक घेतलात तर कमी पैशांत प्रश्न सुटेल.

चौथी, ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं यासाठीचं सॉफ्टवेअर. मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरचा वायफाय ड्रायव्हर आणि ब्लूटूथ ड्रायव्हर असे दोन वेगळे ड्रायव्हर असतात. दोन्ही नवे घाला. बरेच जण फक्त पहिला घालतात.

एवढं करूनही त्रास तसाच असेल तर पुढे चला.

आत्ता कोणतं कार्ड आहे

विंडोजमध्ये स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली नाव वाचा. बजेट मदरबोर्डांवर रिअलटेक ८८२१सीई, रिअलटेक ८८५२बीई, इंटेल ३१६८, किंवा एएमडीच्या बोर्डांवर आरझेड६०८ आणि आरझेड६१६ ही नावं सापडतात. आरझेड मालिकेवर एएमडीचं नाव असलं तरी आतली चिप मीडियाटेकची आहे: आरझेड६०८ म्हणजे एमटी७९२१ आणि आरझेड६१६ म्हणजे एमटी७९२२.

३१६८ आणि ८८२१सीई ही एका वेळी एकाच प्रवाहात डेटा पाठवणारी कार्डं. ५ गिगाहर्ट्झवर त्यांचा कागदावरचा कमाल वेग ४३३ मेगाबिट, आणि प्रत्यक्षात मिळतो तो त्याच्या निम्म्या-पाऊण घरात. ही कार्डं बदलली की फरक लगेच जाणवतो. आरझेड६१६ मात्र चांगलं कार्ड आहे. विंडोजवर ते नीट चालत असेल तर उगाच हात लावू नका.

लिनक्सवाल्यांसाठी हिशेब थोडा वेगळा. तिथे कार्ड चालेल की नाही हे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आवृत्तीवर ठरतं. इंटेल एएक्स२०० ला ५.१ पासूनचा कर्नल लागतो, एएक्स२१० ला ५.१० पासूनचा, तर रिअलटेक ८८५२बीईचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये ६.२ पासून आला. उबुंटू २२.०४ पहिल्यांदा आलं ते ५.१५ कर्नलवर. त्यामुळे त्याच्या जुन्या इन्स्टॉलरला ८८५२बीई दिसतच नाही आणि नवखा माणूस समजतो की कार्ड मेलं. अशा वेळी नवं कार्ड घेण्याआधी २४.०४ चा पेन ड्राइव्ह करून त्यावरून मशीन सुरू करून बघा. ते पहिल्यांदा आलं तेव्हाच त्याचा कर्नल ६.८ होता. तिथे वायफाय दिसलं तर प्रश्न फुकटात सुटला.

स्लॉट ओळखा: सगळ्यात महत्त्वाचा भाग

मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा. छापील नसेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ मिळते. मदरबोर्डचं पूर्ण नाव बोर्डावरच मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. नावाच्या शेवटी ‘वायफाय’ किंवा ‘एसी’ आहे की नाही हेही बघा, कारण त्याच नावाच्या दोन आवृत्त्या असतात. यातून चार शक्यता निघतात.

पहिली शक्यता, बोर्डावर वायफाय आधीच आहे आणि कार्ड एम.२ स्लॉटमध्ये बसवलेलं आहे. हे कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असतं, म्हणून त्याला २२३० म्हणतात. स्लॉट ‘ई-की’ प्रकारचा. डेस्कटॉप बोर्डांवर हे कार्ड बहुतेक वेळा मागच्या पोर्टांच्या रांगेत पत्र्याच्या छोट्या चौकटीत उभं बसवलेलं असतं आणि कधीकधी वरच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली झाकलेलं असतं.

दुसरी, वायफाय आहे पण ती चिप थेट बोर्डाला डाखलेली आहे. अशा बोर्डावर स्लॉटच नसतो, त्यामुळे ती काढता येत नाही. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ती बंद करायची आणि पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये वेगळं कार्ड लावायचं.

तिसरी, वायफाय नाही, पण ई-कीचा रिकामा स्लॉट आहे. यात कार्डासोबत दोन आतल्या वायरी, मागची पट्टी आणि अँटेना वेगळे घ्यावे लागतात.

चौथी, काहीच नाही. मग पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड घ्यायचं (पुढे ‘पीसीआय कार्ड’ म्हटलं आहे ते हेच). ते छोट्या एक्स१ स्लॉटमध्ये बसतं आणि मोठ्या एक्स४ किंवा एक्स१६ स्लॉटमध्येही चालतं.

एसएसडीसाठी असलेला एम.२ स्लॉट यातल्या कशातच मोडत नाही. तो ‘एम-की’ असतो, खाच वेगळ्या जागी असते आणि वायफाय कार्ड त्यात बसत नाही. बाजारात एम-कीवरून ई-की करून देणारे अडॅप्टर मिळतात. पण ई-की स्लॉटमध्ये वायफायसाठी पीसीआय एक्सप्रेस आणि ब्लूटूथसाठी यूएसबी अशा दोन वेगळ्या लाइनी येतात. एसएसडीच्या स्लॉटमध्ये यूएसबी नसतं, म्हणून त्या अडॅप्टरवर वायफाय चालेल आणि ब्लूटूथ चालणार नाही.

आता ज्या फसगतीचा सुरुवातीला उल्लेख केला तिच्याकडे येऊ. इंटेलची काही कार्डं पूर्ण असतात आणि काही अर्धी. अर्ध्या कार्डांत फक्त रेडिओचा भाग असतो आणि बाकीचा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरमध्ये किंवा चिपसेटमध्ये असतो. या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. एएक्स२०१, एएक्स२११ आणि बीई२०१ ही अशी अर्धी कार्डं. ती एएमडीच्या बोर्डावर चालत नाहीत, आणि इंटेलच्याही ज्या बोर्डांवर ती सोय दिली आहे तिथेच चालतात. एएक्स२००, एएक्स२१० आणि बीई२०० ही पूर्ण कार्डं. शेवटी शून्य असेल तर पूर्ण, एक असेल तर अर्धं, एवढं लक्षात ठेवलं तरी या मालिकांपुरतं भागतं. जुन्या मालिकेत मात्र ९२६० पूर्ण आणि ९५६० अर्धं आहे. किलर या नावाने मिळणाऱ्या कार्डांतही हाच भेद आहे: १६७५एक्स हे एएक्स२१० चं भावंड, तर १६७५आय हे एएक्स२११ चं.

हीच गोष्ट उलट बाजूनेही अडचणीची ठरते. इंटेलच्या काही स्वस्त बोर्डांवर ई-की स्लॉटला फक्त सीएनव्हीआयच्या लाइनी दिलेल्या असतात, पीसीआय एक्सप्रेसची लाइन नसतेच. तिथे पूर्ण कार्ड बसेल, स्क्रू लागेल, पण मशीनला ते दिसणार नाही. मॅन्युअलमध्ये त्या स्लॉटपुढे ‘फक्त सीएनव्हीआय’ अशा अर्थाची ओळ आहे का ते वाचाच. ऑनलाइन दुकानांत ‘सर्व पीसींना चालेल’ असं लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका.

मग घ्यायचं कोणतं

माझं मत स्पष्ट आहे: बहुतेकांनी इंटेल एएक्स२१० घ्यावं. ते इंटेल आणि एएमडी दोन्हीकडे चालतं, विंडोज १० आणि ११ साठी ड्रायव्हर मिळतात, लिनक्सवर काही वेगळं घालावं लागत नाही, दोन प्रवाह आहेत आणि हेडफोन, कीबोर्ड, कंट्रोलर यांच्याशी ते नीट जमवून घेतं. ८० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर त्याचा कागदावरचा वेग १२०१ मेगाबिट, १६० वर २४०२. विंडोज ७ अजून वापरत असाल तर मात्र ते तुमच्यासाठी नाही.

नवं म्हणून बीई२०० घेण्याचा मोह होतो. ते वायफाय ७ चं कार्ड आहे, पण एएमडीच्या अनेक बोर्डांवर ते सुरूच होत नाही. इंटेलचा नवा प्रोसेसर, विंडोज ११ ची २४एच२ किंवा त्यापुढची आवृत्ती आणि वायफाय ७ चा राउटर हे तिन्ही हाताशी असतील तरच त्याचा विचार करा. शिवाय वायफाय ७ ची खरी मजा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाला आणि ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागासाठीचे मसुदा नियम दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढले. म्हणजे घरातला राउटर ६ गिगाहर्ट्झवर बोलणारा असण्याची शक्यता अजून कमीच. एएक्स२१० ला तो पट्टा समजतो, त्यामुळे पुढेमागे राउटर बदलला तरी कार्ड वाया जात नाही.

एका कामासाठी मी इंटेल सुचवणार नाही. लिनक्स मशीनलाच ५ गिगाहर्ट्झचा हॉटस्पॉट करायचा असेल, घरच्या सर्व्हरवरून वायफाय वाटायचं असेल, तर इंटेलची कार्डं अडून बसतात. कोणत्या देशात आहोत हे ती आजूबाजूच्या सिग्नलवरून स्वतः ठरवतात आणि तोवर ५ गिगाहर्ट्झवर स्वतःहून प्रक्षेपण करत नाहीत. त्या कामाला मीडियाटेक ७९२२ बरं.

घरच्या पीसीवर मॅक ओएस, म्हणजे अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरची प्रणाली, चालवणारेही काही आहेत. एअरड्रॉप आणि हँडऑफ या अ‍ॅपलच्या उपकरणांना आपसात जोडणाऱ्या सोयींसाठी ते वर्षानुवर्षं ब्रॉडकॉमची ९४३६० मालिकेतली कार्डं शोधत असत. २०२३ च्या सोनोमा आवृत्तीत अ‍ॅपलने त्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले आणि २०२५ मध्ये जाहीर झालेली टाहो ही इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. घरच्या पीसीवर मॅक ओएस चालवणं अ‍ॅपलच्या परवान्यातही बसत नाही. आता नव्याने त्या वाटेला जाऊन कार्डावर पैसे घालू नका.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत केलीत तर दुकानदाराला फक्त ‘वायफाय कार्ड’ म्हणू नका. मदरबोर्डचं पूर्ण नाव सांगा आणि कार्डाच्या स्टिकरवरचं मॉडेल स्वतः वाचा. एएक्स२१० नंतर ‘एनजीडब्ल्यू’ ही अक्षरं हवीत. बिल घ्या, आणि चाललं नाही तर परत घेणार का हे पैसे देण्याआधी विचारा.

अँटेना वेगळे घेताना एक छोटी गोष्ट बघा. वायफायच्या अँटेनाला आरपी-एसएमए प्रकारचा जोड असतो. त्याच आट्यांचा साधा एसएमए जोडही मिळतो आणि तो फिरवून घट्ट बसतोसुद्धा, पण आतली सुई नेमकी उलट बाजूला असते. वायफायच्या जोडात कार्डाच्या बाजूला मधोमध सुई दिसते आणि अँटेनाच्या आत छिद्र. दोन्हीकडे छिद्र असेल तर सिग्नल जाणार नाही. दोन्हीकडे सुई असेल तर जबरदस्ती करू नका, सुई वाकेल.

केस उघडण्याआधी

वायरचा कीबोर्ड आणि वायरचा माउस शोधून ठेवा. ब्लूटूथच्या जोड्या कार्डाच्या पत्त्याशी बांधलेल्या असतात, त्यामुळे कार्ड गेलं की सगळ्या जोड्या जातात. लॉगिनच्या पडद्यासमोर बसलात आणि हातात फक्त ब्लूटूथ कीबोर्ड असला तर काहीच करता येत नाही.

नव्या कार्डाचे वायफाय आणि ब्लूटूथ असे दोन्ही ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवा. राहिलंच तर फोन यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, पीसीला तात्पुरतं इंटरनेट मिळतं.

हॉस्टेल, कॉलेज किंवा कंपनीच्या नेटवर्कवर तुमच्या मशीनचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक) नोंदवलेला असेल तर तोही बदलणार आहे. घरच्या राउटरवर मॅक फिल्टर लावला असेल तर तिथेही नवा पत्ता घालावा लागेल.

विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटन काय करतं त्या पानावर तो पर्याय आहे. हा सुरू असला की शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर ही पायरी टाळू नकाच, कारण विंडोजने अर्धवट झोपवलेलं कार्ड लिनक्सला उठवता येत नाही.

जुनं कार्ड काढणं, नवं बसवणं

मशीन बंद करा, एसएमपीएसचं (वीजपुरवठ्याच्या डब्याचं) मागचं बटन बंद करा आणि वायर उपटून काढा. मग केसचं पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा, आतली उरलेली वीज निघून जाते. मागचे अँटेना फिरवून काढा. केस आडवी टेबलावर ठेवा, सतरंजीवर किंवा गादीवर नको. एसएमपीएसच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावा आणि काम सुरू असताना अधूनमधून लावत राहा. थंडीतल्या कोरड्या हवेत सिंथेटिक स्वेटर घालून हे काम करू नका.

कार्ड दिसलं की त्यावर दोन बारीक वायरी बसलेल्या दिसतील. आधी मोबाइलने फोटो काढा. कोणती वायर कोणत्या खुणेवर आहे, स्क्रू कुठे आहे, वायर कुठून वळली आहे, सगळं दिसेल असा. इंटेलच्या कार्डांवर दोन जोडांपाशी भरीव आणि पोकळ असे दोन त्रिकोण असतात.

या वायरींचे जोड हा सगळ्या कामातला नाजूक भाग. घाई इथे महागात पडते. जोड जेमतेम दोन मिलिमीटरचा गोल असतो आणि टिचबटणासारखा वरून दाबून बसतो. काढताना वायर धरून ओढू नका, ती मुळापासून तुटते. प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा नख जोडाच्या कडेखाली सरकवा आणि सरळ वर उचला, तिरकं नको. बसवताना डोळे थेट वर आणा, जोड खालच्या गोलावर नुसता ठेवा आणि बोटाने किंचित हलवून बघा. बरोबर जागी असेल तर तो घसरत नाही, जागीच अडतो. मग अंगठ्याने सरळ खाली दाबा, बारीक ‘टक’ जाणवेल. न जाणवता दाब वाढवत गेलात तर गोलाची कड चेपते, आणि चेपलेली कड दुरुस्त होत नाही. हे जोड थोड्याच वेळा काढघाल करण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे बसलं की नाही हे बघायला पुन्हा पुन्हा उचलू नका. जुन्या मिनी पीसीआय कार्डांच्या वायरींचा जोड मोठा असतो आणि तो एम.२ कार्डावर बसत नाही, हेही जुन्या लॅपटॉपच्या वायरी वापरायच्या विचारात असणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

जोड सुटले की कार्डाचा एकुलता एक स्क्रू काढा. तो फार लहान असतो, टोकाला चुंबक असलेला स्क्रूड्रायव्हर घ्या. स्क्रू निघताच कार्डाचं मागचं टोक आपोआप थोडं वर येतं, घाबरू नका. त्याच कोनात ते बाहेर ओढा. नवं कार्ड खाच जुळवून, साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवा. सोनेरी पट्ट्या जवळपास दिसेनाशा झाल्या पाहिजेत. मग खाली दाबून स्क्रू लावा. स्क्रू अडला की थांबा, आणखी पिळू नका. आता फोटो बघून दोन्ही वायरी बसवा. त्यांची अदलाबदल झाली तर काही जळत नाही, पण मूळ जागा पाळलेली बरी.

पत्र्याच्या चौकटीत उभं बसवलेलं कार्ड असेल तर चौकटीचा स्क्रू बहुतेक मदरबोर्डच्या खालच्या बाजूने किंवा मागच्या पट्टीवर असतो. तिथपर्यंत पोहोचायला कधीकधी पूर्ण मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो. तेवढा आत्मविश्वास नसेल तर हे कार्ड तसंच राहू द्या, बायोसमधून बंद करा आणि पीसीआय कार्ड लावा. यात काही कमीपणा नाही, निकाल तोच मिळतो.

पीसीआय कार्ड लावणाऱ्यांसाठी: ती विसरली जाणारी वायर

पीसीआय कार्डाच्या खोक्यात एक छोटी वायर असते. तिचं एक टोक कार्डावर आणि दुसरं मदरबोर्डवरच्या यूएसबी २.० च्या नऊ पिनांच्या जोडावर लावायचं असतं. ती लावली नाही तर वायफाय उत्तम चालतं आणि ब्लूटूथ मात्र मशीनमध्ये अस्तित्वातच नसतं. कारण वर आलंच आहे, ब्लूटूथ यूएसबीच्या लाइनवरून चालतं.

बोर्डावर हा जोड खालच्या कडेला असतो आणि शेजारी ‘एफ यूएसबी’, ‘जे यूएसबी’ असं काहीतरी छापलेलं असतं. पाच-पाच पिनांच्या दोन रांगा, त्यातली एक पिन नसते. वायरीच्या टोकाचं बुजलेलं छिद्र त्या नसलेल्या पिनेवर आलं पाहिजे. जवळच पुढच्या ऑडिओचा जोडही नऊ पिनांचाच असतो, पण त्याची रिकामी जागा वेगळी असते. बसत नाही म्हणून जोर लावत असाल तर तुम्ही चुकीच्या जोडावर आहात. यूएसबीचे दोन्ही जोड आधीच केसच्या पुढच्या पोर्टांनी आणि कूलरने अडवले असतील तर एकाचे दोन करणारी वायर मिळते.

चालू केल्यावर

अँटेना लावा. दोन्ही. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या कप्प्यात भिंतीला चिकटून केस ठेवलेली असेल तर काठीसारखे अँटेना पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये दबून जातात. वायर असलेली चुंबकी बैठक घ्या आणि ती टेबलावर ठेवा. कार्डापेक्षाही मोठा फरक कधीकधी एवढ्यानेच पडतो.

विंडोजमध्ये आधी वायफायचा, मग ब्लूटूथचा ड्रायव्हर घाला आणि एकदा रीस्टार्ट करा. जुना यूएसबी ब्लूटूथ डोंगल अजून लावलेला असेल तर काढून टाका. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळतं. दोन असले की हेडफोन कधी एकाशी जोडला जातो, कधी कुणाशीच नाही. यादीतली जुनी उपकरणं ‘रिमूव्ह’ करा, हेडफोनही पेअरिंगच्या अवस्थेत न्या आणि सगळं नव्याने जोडा. फक्त एका बाजूने पुसलं तर जोडणी अर्धवट होते.

लिनक्सवर सहसा काही करावं लागत नाही. वायफाय दिसलं नाही तर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड द्या, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. यादीत इंटेलचं नेटवर्क कार्ड दिसलं तर कार्ड नीट बसलं आहे, कमतरता फर्मवेअरची (कार्डात भरायच्या सॉफ्टवेअरची) किंवा कर्नलची आहे. लॅनवर किंवा फोनच्या टेदरिंगवर सगळे अपडेट घ्या, त्यात लिनक्स-फर्मवेअर नावाचं पॅकेज येतंच. यादीत कार्डच नसेल तर ते स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही, नाहीतर स्लॉट ‘फक्त सीएनव्हीआय’वाला आहे. ब्लूटूथसाठी हीच तपासणी एलएसयूएसबी या कमांडने करा.

मग मोजा. राउटरच्या खोलीत एकदा आणि नेहमीच्या जागेवर एकदा. सिग्नल उणे ५० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजण्याचं एकक) आसपास असेल तर उत्तम. उणे ७० च्या खाली जात असेल तर कार्ड कितीही चांगलं असलं तरी मध्ये भिंती जास्त आहेत आणि राउटरची जागा बदलायला हवी.

अडलंच तर

वायफाय आहे, ब्लूटूथ काल होतं आणि आज गायब: एएक्स२०० आणि एएक्स२१० वर हे कधीकधी होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० किंवा कोड ४३ दिसतो. ड्रायव्हर काढून पुन्हा घालण्यात संध्याकाळ घालवू नका. मशीन बंद करून मुख्य वायर काढा, पॉवर बटन अर्धा मिनिट दाबून धरा, वायर लावा, सुरू करा. नुसत्या रीस्टार्टने हे जात नाही, कारण रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज तुटत नाही.

वेग मिळतो पण दर काही मिनिटांनी तुटतो: डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असेल तर वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. डेस्कटॉपवर त्या बचतीला काही अर्थ नाही.

सिग्नल पूर्वीपेक्षा कमी झाला: एक वायर नीट बसलेली नाही. मागचा एक अँटेना फिरवून काढा, सिग्नल बघा, तो लावून दुसरा काढा. ज्याला काढल्यावर काहीच फरक पडत नाही त्याचा आतला जोड उघडून बघा.

कार्ड लावल्यावर मशीन पडद्यावर काहीच दाखवत नाही: कार्ड काढून सुरू करा. सुरू झालं तर बोर्डाचं बायोस अपडेट करून पुन्हा प्रयत्न करा. तरीही तेच असेल तर ते कार्ड त्या बोर्डासाठी नाही, बिल घेऊन दुकानात जा.

जुनं कार्ड नव्याच्या अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, त्यावर मॉडेल लिहून मदरबोर्डच्या खोक्यात ठेवा. वॉरंटीत बोर्ड द्यायची वेळ आली तर मूळ कार्डासकट द्यावा लागेल.